कळंबच्या आबांच्या सीडी

माझ्या व्हिडिओ लायब्ररीचं सगळ्यांत नेमाचं गिऱ्हाईक सिनेमा धड बघतच नसे. कळंबचे आबा दर रविवारी एसटीने इंदापूरला येत, आदल्या आठवड्याची कॅसेट टेबलावर ठेवत आणि दुसरी नेत. सिनेमा कसा होता विचारलं, तर त्यात नट कोण होता हेही त्यांना सांगता येत नसे. कॅसेट पहिल्या गाण्यापाशीच थांबलेली असायची, म्हणजे तिथेच त्यांचा डोळा लागलेला. मी चिडवलं की म्हणायचे, "घरात माणसं बोलत्यात, तेवढं बास हाय."

साखर कारखान्यातून ते निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत बायको गेली. मुलगा पुण्यात. गावात भावकी होती, पण बांधावरून अबोला. मग कॅसेट परत देणं हेच त्यांचं हक्काचं काम झालं. दुकानात तासभर बसत, चहा होई, उसापाण्याच्या गप्पा होत. त्यांतल्या निम्म्या मला पाठ झाल्या होत्या. कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू. पण त्यांची एसटी चुकली की माझंच लक्ष दाराकडे लागे.

पुढे सीडी आल्या. मुलाने दिवाळीत प्लेअर आणि पिशवीभर सीडी विकत आणून दिल्या. वडिलांचा हेलपाटा वाचला म्हणून तो खूश. पुढच्याच रविवारी आबा ती पिशवी घेऊन माझ्यापुढे हजर.

"ह्या तुमच्याकडंच ठिवा. मी एकेक न्हेतो आन् परत आणतो."

स्वतःच्याच सीडी अशा नेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हसलो, पण फळीवर जागा करून दिली.

हळूहळू सगळ्यांनीच विकत घ्यायचा सपाटा लावला. बाजारात भाजीशेजारी सीडी मिळू लागल्या. मी दुकान बंद केलं आणि लोणी देवकरला कारखान्यात नोकरी धरली. मी पिशवी परत दिली, तेव्हा आबांनी एवढंच विचारलं, "मंग आयतवारी कुठं यायचं?"

काही महिन्यांनी कळंबला त्यांच्याकडे गेलो. पिशवीत एकच सीडी उरली होती. बाकीच्या आबांनी गावात ज्याला त्याला फुकट बघायला दिल्या होत्या, फक्त परत आणून द्यायच्या बोलीवर. एकानेही आणली नव्हती. लोकांनी फसवलं म्हणून मी तणतणलो.

आबा म्हणाले, "सीडीचं काय घिऊन बसलाय. द्यायला म्हणून कुणी यील, एवढंच हुतं."

माझ्या घरी प्लेअर नव्हता, तरी ती उरलेली सीडी मागून घेतली आणि रविवारी आणून देतो म्हणालो.

रविवारी एसटीतून उतरलो, तर आबा फाट्यावरच उभे. कधीपासून उभे आहात, मी विचारलं.

"ह्ये काय, आत्ताच आलो," ते म्हणाले. त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.