यादीत नसलेली गाणी

मी तशी जन्माचीच संशयी. भाजीवाल्यानं कोथिंबीर फुकट टाकली तरी जुडी सोडून बघते, आत सडकी नाय ना म्हणून. त्यामुळं गुलमंडीच्या बाजारातल्या कॅसेटवाल्यानं न मागता एक गाणं जास्तीचं भरून दिलं, तेव्हा माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. पियानो बडवत गाणारा एक विलायती गायक होता, त्याच्यावर मी लई फिदा. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी नेऊन दिली की दुकानातला तो तरुण मान खाली घालून भरून द्यायचा. घरी येऊन ऐकलं, तर माझ्या गायकाची गाणी संपली आणि पुढं दुसराच कुणी सुरू झाला. पियानोऐवजी गिटार, आवाज घोगरा, पण वर चढताना अगदी तसाच छातीतून चढायचा. म्हटलं, न खपणारा माल गळ्यात मारतोय मेला. दोन दिवस ते गाणं आलं की मी टेप बंद करायची. तिसऱ्या दिवशी हात पिठात होते, बंद करता आलं नाय. कणीक मळून झाली आणि मी तेच गाणं पुन्हा लावलं.

दुसऱ्या कॅसेटच्या शेवटी आणखी एक अनोळखी गायक निघाला. तोही आवडला. आता मात्र संशयानं वेगळंच वळण घेतलं. माझ्या आवडीचं याला इतकं नेमकं कसं कळतं? जास्तीचे पैसे मागत नाय, एक शब्द बोलत नाय. काहीतरी आहे खास!

तेवढ्यात अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, वास लागला. ते लासूर स्टेशनकडच्या शेतकरी घरातले, इथं सरकारी कचेरीत कारकून. कॅसेटच्या डबीतलं यादीचं कार्ड आणि गाणी त्यांनी ताडून पाहिली.

"यादीत नाय ती गाणी आली कुठून?"

त्यांची शाळा निजामाच्या राजवटीत झालेली, त्यामुळं स्वतःपुरतं काहीही लिहायचं तर उर्दू अक्षरांत. तीन दिवस टेप मागंपुढं करत त्यांनी ती इंग्रजी गाणी उजवीकडून डावीकडं उतरवून काढली आणि डिक्शनरी घेऊन बसले. हाती तीन शब्द लागले. खिडकी, स्टेशन, उद्या.

आमचं घर इथल्या रेल्वे स्टेशनजवळच, आणि खिडकी थेट रस्त्यावर.

"पळवून न्यायचा बेत आहे!" अण्णा कडाडले. "कॉलेज बंद. येत्या लग्नसराईत उजवून टाकतो हिला."

मी रडले, आईच्या शपथा घेतल्या, मला काही ठाऊक नाय म्हणून सांगितलं. ते खरंच होतं. पण खोटं कशाला बोलू, दुसऱ्या दिवशी वेणीफणी करून मी तासभर त्या खिडकीत उभी होते. कुणी आलं नाय.

रविवारी अण्णा मला घेऊनच दुकानात गेले आणि तो उर्दूतला कागद त्यांनी काउंटरवर आपटला. "काय आहे रं हे?"

तो बिचारा कागद उलटासुलटा करून बघत राहिला. "काका, शेवटी कोरी पट्टी राहिली की गिऱ्हाईक भांडतं. म्हणून त्याच गायकासारखं वाजणारं काहीतरी टाकतो. मला कुठं इंग्रजी येतं? कानाला जुळलं की बस."

अण्णांचा विश्वास बसेना. त्याच गायकाच्या चार कॅसेटा इतरांसाठी भरून तयार होत्या, त्या त्यांनी शेवटपर्यंत पळवून वाजवायला लावल्या. चारींच्या शेवटी तोच घोगरा आवाज. त्यातली एक तर एका मिशाळ फौजदाराची होती.

अण्णा खदखदून हसले. त्याच्या पाठीवर थाप मारली आणि मला म्हणाले, "तुझ्यासाठी नव्हतंच गं ते! सगळ्यांनाच देतो हा."

"व्हय ताई," तोही हसत म्हणाला, "सगळ्यांनाच."

कॉलेज वाचलं, लग्न टळलं. मी खरं तर देवापुढं नारळ फोडायला हवा होता. पण बाहेर पडले आणि भर गुलमंडीत मला रडू कोसळलं. असा राग आला होता त्या मेल्याचा! अण्णा बिचारे कावरेबावरे झाले. माझ्या डोक्यावरून हात फिरवत पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, "अगं, आता कशाला रडतीस? तसलं काही नव्हतंच ना."