टोपीतलं पाणी

तितिकाका सरोवरातल्या आमच्या बेटावर कुणाचे हात रिकामे दिसले, तर तो माणूस आजारी आहे असं खुशाल समजावं. पुरुष चालता चालता विणतात, बायका चालता चालता कातत जातात. चढावर दम लागला की माणूस थांबतो, हात थांबत नाहीत. विणायच्या सुया म्हणजे सायकलच्या चाकाच्या तारा, दगडावर घासून टोकदार केलेल्या. बेटावर सायकल एकही नाही. दगडी पायऱ्यांच्या वाटांवर ती चालवणार कोण? तारा मात्र पलीकडच्या काठावरच्या पुनो शहराच्या बाजारातून होडीने येतात, आणि बापाच्या सुया मुलाकडे जातात.

बिनलग्नाच्या पोराची टोपी खाली तांबडी, वर पांढरी. लग्न झालं की सगळी तांबडी. टोपी अशी घट्ट विणायची, की उलटी धरून तिच्यात पाणी ओतलं तरी थेंब गळू नये. सोयरीक जुळवताना पोरीचा बाप पहिलं हेच करून बघतो. त्यामुळे इथल्या पोराला आपण कोण, असा प्रश्न फारसा पडत नाही. डोक्याला हात लावला की त्याला उत्तर सापडतं.

पोरींच्या डोक्यावर काळी शाल, शालीच्या टोकांना रंगीत गोंडे आणि हातात टकळी. पोर कातते, धागा भावाच्या सुयांवर चढतो, त्याची टोपी होते आणि मग ती टोपी भावाची म्हणून गाजते. वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, आणि सेलेदोनियाला तर मुळीच नाही.

सेलेदोनिया युसेबिओची धाकटी. तिचा भाऊ फोर्तुनातो तिच्याहून वर्षाने मोठा, पण एक वर्ष बटाट्याच्या शेतात गेल्यामुळे दोघं एकाच वर्गात बसत. ती तेव्हा चौदा वर्षांची होती, गालांवर थंडीने तडकलेली लाली आणि बोलताना नजर पायांवर. चालताना तिची टकळी तिच्या अंगाशी अशी गरगरत असे, की जणू एक लहान जनावर तिच्यामागे लागून चाललंय.

शाळेत एदिल्बेर्तो मास्तर होते. सोमवारी पुनोहून होडीने यायचे, शुक्रवारी परत जायचे. शाळेच्या आवारात एक सपाट दगड होता. एकदा मास्तरांच्या मनात आलं, की प्रत्येकाने त्या दगडावर उभं राहून आपल्याला काय चांगलं येतं ते एका वाक्यात सांगावं.

पोरांना एक वाक्य पुरेना. एक म्हणाला, मी वल्ही मारतो तसं बेटावर कुणी मारत नाही. दुसरा म्हणाला, मी बासरी वाजवली की मेंढ्या परत येतात. फोर्तुनातो तर चढला तो उतरायलाच तयार नव्हता.

"माझी टोपी पाणी धरते, मास्तर. मी मासे पकडतो. मी नाचतो. गणितही येतं मला."

"गणित?" मास्तर म्हणाले. "परवाची सगळीच्या सगळी चुकली होती तुझी."

"ती अवघड होती मास्तर, म्हणून चुकली. गणित येतं मला."

मग पोरींची पाळी आली. एकेक जण दगडावर चढे, शालीचं टोक दातात धरी, "काही नाही, मास्तर" म्हणे आणि उतरे. सेलेदोनियाही तेच म्हणून उतरायला लागली, तेव्हा मास्तरांनी तिला थांबवलं.

"अगं, परवाची गणितं वर्गात एकटीने बरोबर सोडवली ती कुणी?"

"मी. पण ती सोपी होती, मास्तर."

पोरं खो खो हसली. फोर्तुनातोही हसला. त्यालाच ती अवघड गेली होती, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. सेलेदोनियाही हसली, कारण आपण बोललो ते तिला खरंच वाटत होतं. जे आपल्याला जमलं ते सोपंच असणार. अवघड असतं तर आपल्याला कसं जमलं असतं?

आता त्यांचा बाप युसेबिओ. भला माणूस, पण बोललेल्या शब्दावर चालणारा. कुणी म्हणालं पाऊस येईल, की हा अंगणातले वाळवणाचे बटाटे आत घ्यायचा. कुणी म्हणालं येणार नाही, की बाहेर ठेवायचा. त्या वर्षी मेंढ्या वाढल्या होत्या आणि त्यांच्यामागे दिवसभर एक माणूस हवं होतं. बटाटे काढून झाले. एके सकाळी चुलीपाशी सूप पीत त्याने दोन्ही पोरांना समोर बसवलं.

"दोघांपैकी एकाची शाळा चालू राहील. एकाला मेंढ्यांकडे जावं लागेल. फोर्तुनातो, तुला शाळेत काय येतं?"

"सगळं येतं, बाबा."

"तुला गं?"

सेलेदोनियाला शाळा हवी होती. फळ्यावर मास्तर आकडे लिहायला लागले, की ते आपापल्या जागी जाऊन बसताना तिला दिसायचे, संध्याकाळी मेंढ्या वाड्यात जाऊन बसतात तसे. ते बघताना होणारा आनंद तिने कुणाला सांगितला नव्हता. पण बापाने विचारलं होतं, काय येतं? आणि स्वतःची पाठ स्वतःच थोपटणाऱ्या पोरीला आमच्याकडे आरवणारी कोंबडी म्हणतात.

"काही विशेष नाही, बाबा," ती म्हणाली.

"झालं तर मग," युसेबिओ म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, कपट नव्हतं. "ज्याला येतं त्याने शिकावं. संत सान्तियागोची जत्रा झाली की मेंढ्या तुझ्याकडे."

तिची आई सिल्वेरिया चुलीत काटक्या सारत होती. "तुम्ही विचारता बरं," ती म्हणाली, "पण ऐकता फक्त जे मोठ्याने बोलतं ते."

"मग हिने मोठ्याने बोलावं," युसेबिओ म्हणाला आणि वाडगं खाली ठेवलं.

दुपारी बहीणभाऊ धक्क्याच्या पायऱ्या उतरत होते. फोर्तुनातोला तिचं वाईट वाटत होतं, पण वाईट वाटलं की त्याला चिडवण्यापलीकडे काही सुचत नसे.

"एवढं काय तोंड पाडून चाललीस? मेंढ्यांमागे बसून टकळीच फिरवायचीये. ती तर तू इथेही फिरवतेसच."

"जत्रेच्या टोपीला धागा कोण देणार तुला?"

"धाग्याचं काय घेऊन बसलीस! टोपी हात विणतो गं, मेंढी. धागा कुणीही कातेल."

"ते खरंय," सेलेदोनिया म्हणाली.

ती एवढ्या सहज कबूल झाली, की फोर्तुनातोला मागे फिरायला वाटच उरली नाही. त्याने त्याच दिवशी पुनोच्या होडीवाल्याकडून तयार धाग्याचे गुंडे घेतले. यंत्राचा धागा, गुळगुळीत, पांढरा आणि डाळिंबासारखा तांबडा. असा तांबडा रंग बेटावर कुणाच्या कढईत उतरला नव्हता. धागा मानेभोवती घेऊन तो दिवसभर विणत बसे. हात त्याचा खरोखरच सुरेख होता. टोपीवर त्याने पक्षी काढले, फुलं काढली. पोरं येऊन बघून जात. सेलेदोनियानेही बघितली आणि मनापासून म्हणाली, "फार छान झालीये, दादा."

जुलैच्या शेवटी सान्तियागोची जत्रा भरली. चौकात ढोल घुमले, बायकांच्या घागऱ्यांचे थरावर थर फिरले, भाजलेल्या माशांचा वास थेट चर्चच्या दारापर्यंत गेला. ढोल थांबले की त्या दिवशी शाळेतल्या पोरांच्या टोप्यांत पाणी ओतायचं, अशी जुनी चाल. ओतणार गावातला वयाने सगळ्यात मोठा माणूस. त्या वेळी तो मान तायता बोनिफासिओंचा होता, तायता म्हणजे वडीलधारे. त्यांना दिसायचं कमी, पण बोटं शाबूत होती.

एकेक पोर पुढे येई, टोपी उलटी धरी. तायता मातीच्या तांब्याने पाणी ओतत, गाव श्वास धरून वाट बघे, आणि पाणी टिकलं की ढोलाची एक थाप पडे. फोर्तुनातो पुढे आला तो छाती काढून. त्याने टोपी अशी धरली की पक्षी चौकाकडे तोंड करून राहावेत.

तायतांनी पाणी ओतलं. पहिला थेंब पडला, मग दुसरा, आणि मग पाण्याच्या धारा त्याच्या पायांवर सुटल्या.

"अरे, टोपी आणलीस की गाळणी?" मागून कुणीतरी ओरडलं.

"पक्षी तहानलेले होते रे, प्यायले सगळं!"

चौक हसून हसून वाकला. फोर्तुनातोचा चेहरा राखेसारखा झाला. सकाळपर्यंत ज्याला सगळं येत होतं, तो पोरगा ओठातल्या ओठात म्हणाला, "मला काहीच येत नाही."

सेलेदोनिया बायकांत उभी होती. ते तिने ऐकलं. ते शब्द तिच्या रोजच्या ओळखीचे होते, पण भावाच्या तोंडी तिने ते कधी ऐकले नव्हते. आणि लगेच तिच्या मनात आलं ते असं: हे सरळ खोटं आहे. दादाला येतं, मी रोज बघते.

तायतांनी हात वर केला तसे लोक गप्प झाले. ते चाचपत पुढे झाले आणि फोर्तुनातोच्या डोक्यावरची रोजची टोपी काढून घेतली. उन्हाने विटलेली, एका बाजूला बटाट्याच्या मातीचा डाग. ती उलटी करून त्यांनी तांब्या रिकामा केला. पाणी आत गेलं आणि आतच राहिलं. त्यात आभाळ दिसायला लागलं.

थाप द्यायचं ढोलवाला विसरला.

तायतांनी पाणी जमिनीवर सोडलं. एका हातात नवी टोपी, दुसऱ्या हातात जुनी, दोन्ही बोटांखाली फिरवल्या. "वीण तीच आहे," ते म्हणाले. "हात तोच. ह्या जुन्या टोपीचा धागा कुणाचा?"

फोर्तुनातोने बहिणीकडे बघितलं.

"माझा," सेलेदोनिया म्हणाली. आवाज एवढा लहान, की शेजारच्या बाईलाच ऐकू गेला. मग ती पुढे आली आणि पुन्हा म्हणाली, "माझा, तायता."

"कसा कातलास गं, पोरी?"

"लोकर चांगली होती..." ती सवयीने सुरू झाली आणि थांबली. तिने जमिनीवरच्या ओल्या डागाकडे बघितलं. "लोकर चांगलीच होती. पण लोकर सगळ्यांकडे तीच आहे. मी गुठळी दिसली की थांबते, दातांनी काढते. पीळ कमी पडला की टकळीचा आवाज बदलतो, तो मला कळतो. मग मी तेवढा धागा मोडून पुन्हा कातते." तिने श्वास घेतला. "मला कातता येतं." आणि एकदा दार उघडल्यावर वाऱ्याने थांबावं तरी कशाला! "गणितही येतं," ती म्हणाली. "ती सोपी नव्हती."

शेवटचं वाक्य लोकांना समजलं नाही. एदिल्बेर्तो मास्तर मात्र माशाचा घास हातात तसाच धरून मोठ्याने हसले.

युसेबिओ गर्दीतून वाट काढत आला. तो खरंच गोंधळला होता. "मग हे त्या दिवशी का नाही सांगितलंस? मी विचारलं होतं."

"तेव्हा मला ठाऊक नव्हतं, बाबा."

"स्वतःचं स्वतःला ठाऊक नव्हतं?"

"नव्हतं."

युसेबिओने टोपी मागे सारून कपाळ खाजवलं. मग म्हणाला, "आता दोघांनाही येतं म्हटल्यावर दोघांनीही शिकायला हवं."

"आणि मेंढ्या?" सिल्वेरियाने विचारलं.

"मेंढ्यांमागे मी जातो. विणायचं काय, इथे बसून विणलं काय आणि डोंगरावर विणलं काय."

आणि तो खरोखर गेला. पुढे कितीतरी वर्षं डोंगराच्या खांद्यावर एक तांबडी टोपी हळूहळू सरकताना दिसायची, ती युसेबिओची. मेंढ्यांशी तो दिवसभर बोलत असे, आणि त्या उत्तर देत नसत म्हणून त्याचं त्यांच्याशी फार चांगलं जमलं.

फोर्तुनातो चार दिवस कुणाशी बोलला नाही. पाचव्या दिवशी त्याने यंत्राच्या धाग्याची ती टोपी उसवली, त्याची दोरी वळली आणि मेंढीच्या कोकराला बांधली. मग बहिणीच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "ए, ते गणित परत एकदा सांग. अवघड आहे ते." तिनं सांगितलं. अवघड होतंच ते.

आज सेलेदोनियाबाई त्याच शाळेत शिकवतात. पुनोत शिकल्या, तिथेच राहायची संधीही होती, पण त्या परत आल्या. लग्न केलं ते वल्ह्यांची फुशारकी मारणाऱ्या त्या पोराशी. वल्ही तो बरी मारतो, बाकी कुणी मारत नाही असं काही नाही, असं त्या त्याच्यासमोरच सांगतात.

आवारातला दगड अजून तिथेच आहे, मध्यावर थोडा झिजलेला. दर वर्षी पोरं त्यावर चढतात. पोरगी "काही नाही, बाई" म्हणाली, तर बाई म्हणतात, "बरं," आणि टकळी फिरवायला लागतात. पोरगी उतरू शकत नाही, कारण बाईंनी उतर म्हटलेलं नसतं. वारा सुटतो, टकळी गरगरते. शेवटी पोरगी कंटाळून काहीतरी बोलते, मला भाकरी चांगली येते, मला होडी लांबून ओळखता येते, मला भूगोल आवडतो. तेव्हा बाईंची टकळी थांबते.

आणि पोरगा छाती काढून म्हणाला, की माझी टोपी पाणी धरते, तर त्याला बाई एवढंच विचारतात, "धागा कुणाचा?"

पोरं आता तयारीनेच चढतात. परवा फोर्तुनातोचा नातू चढला, बाईंनी विचारायच्या आधीच ओरडला, "टोपी माझी, धागा ताईचा!" आणि खाली उभी असलेली त्याची ताई, शालीचं टोक दातातून काढून, त्याच्याहून मोठ्या आवाजात ओरडली, "आणि मागची वीण सैल आहे, ती ह्याची!"