झुलीचा निळा

सुखदेव गेल्याचा फोन आला तेव्हा मी भंडाऱ्याच्या बाजारात वांगी निवडत होतो. त्याच्या बायकोचा, शांतावहिनींचा आवाज. "भाऊजी, हे गेले... बसल्या जागीच." हातातलं वांगं मी परत टोपलीत ठेवलं. आता लाज सोडून खरं सांगतो, आधी रडू आलं नाही. आधी मनात आलं, सुटलो बुवा, आता ती गोष्ट कुणाला कळायची नाही. पन्नास वर्षांहून जुना दोस्त गेला आणि मला सुटल्यासारखं वाटलं! दीड महिना झाला, पण त्या एका क्षणाची शरम काही जात नाही.

आम्ही दोघं आंबागडचे. त्याचे बाबा वाढईकाम, म्हणजे सुतारकी करायचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्याकडे पोरं लाकडी बैल मिरवतात. गावातल्या पोरांचे ते बैल सुखदेवचे बाबा घडवायचे. वीतभर बैल, पाठीवर झूल आणि त्यावर बोटाएवढा फेटेवाला. रंगही घरचेच. चुना, गेरू, चुलीवरची काजळी, कपड्यांची नीळ, आणि हे सगळं धावड्याच्या डिंकात कालवलेलं. पुढे मी भंडाऱ्यात शाळेचा ड्रॉइंग मास्तर झालो, सुखदेव जंगलखात्यात मजुरीला लागला. कामातून मोकळा झाल्यावर त्याने बाबांची पटाशी हातात घेतली. मला म्हणाला, "आताचे बैल पाह्यले का मास्तर? ऑइलपेंटनं असे चमकते, का त्यात पाहून भांग पाडून घ्या! मले बाबाचे बैल पाह्यजे. तसेच, जुन्या रंगाचे."

गेरू जमला, पांढरा जमला. निळ्यापाशी गाडी अडली. त्याच्या घरचे बैल उधईनं कधीच खाल्ले होते. त्याच्या बाबांच्या हातचा आता एकच उरला होता, तो माझा, भंडाऱ्याच्या घरी कपाटावर. "मास्तर, आठ रोज दे ना तो बैल. झुलीचा निळा मले काही केल्या जमून नाही राहिला." मी म्हटलं, घेऊन जा की लेका, त्यात विचारायचं काय!

आणि तो यायच्या आदल्या दिवशी मला अक्कल सुचली. बैलावर वर्षानुवर्षांची धूळ, तेलकट काजळी. असा मळका कसा द्यायचा म्हणून बादलीत साबण घातला, दात घासायचा जुना ब्रश घेतला आणि घासायला बसलो. निळं पाणी हातावरून ओघळलं तेव्हा कुठे डोकं ठिकाणावर आलं. डिंकातला रंग पाण्यानं जातो, हे मी तीस वर्षं पोरांना फळ्यावर लिहून दिलं होतं. झूल सपशेल कोरी झाली. तेव्हाच म्हणायचं होतं, सुखदेव, माझ्या हातून सत्यानाश झाला. तो चार शिव्या हासडून मोकळा झाला असता. पण ड्रॉइंग मास्तर ना मी! धावत दुकानात गेलो, निळ्या रंगाची बाटली आणली, झूल रंगवली, वरून चहाचं पाणी आणि राख चोळली. दुसऱ्या दिवशी त्याने बैल दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

आठ रोजांचे महिने झाले, तो माझ्या बाटलीतल्या निळ्याचा पाठलाग करत राहिला. मी एसटीनं तुमसर, तिथून आंबागड असा महिन्यातून एकदा जायचो. प्रत्येक वेळी ठरवायचो, आज सांगायचं. तो म्हणायचा, "माह्या ध्यानातला निळा असा भडक नोहता. मळकट होता जरासा... पन बैल कायले खोटा बोलन?" डोळ्यात दोष असेल म्हणून तो तपासूनही आला. "डाक्तर म्हने मोतीबिंदू नाही, नजर बरी हाय. मंग मलेच काहून येगळा दिसून राह्यला, मास्तर?" मी काय म्हणालो असेन? म्हटलं, वय झालं आता आपलं. हे मी म्हणालो, याच तोंडानं.

एके दिवशी त्याने वाटी पुढे केली. निळीत चुना, वर चिमूटभर काजळी. "हा वाटते बाबाचा." मी पाहिलं. तोच होता. लहानपणी उशाशी घेऊन झोपायचो त्या झुलीचा. त्याने वाटी बैलाशेजारी धरली, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. एक शब्द पुरे होता. मी चहाचा घोट घेतला. "नाही ना बे जुळत," म्हणत त्याने वाटी अंगणात उपडी केली.

शेवटी दुकानातूनच तसली बाटली आणून त्याने अकरा बैल पुरे केले. तान्ह्या पोळ्याला गावानं वाहवा केली, 'बाबांचा रंग' म्हणून लोकांनी फोटो काढले. सुखदेव हसत होता, पण बैलांकडे फारसा पाहत नव्हता. मी टाळ्या वाजवल्या.

गेल्या आठवड्यात वहिनींनी बोलावलं. पेपरात त्यांच्यावर काही लिहा, त्या रंगाचंही लिहा, म्हणाल्या. तो काम करायचा त्या छपरीत बसलो. कुंचला चुकूनही फडक्याला पुसायचा नाही, शेजारच्या भिंतीलाच पुसायचा. तिथे निळ्याचे पन्नासेक फराटे असतील. आणि त्यात, उंबऱ्याजवळ, खाली, तो एक, त्या वाटीतला. मी उकिडवा बसलो, त्यावर बोट ठेवलं आणि वहिनींना सगळं सांगितलं. साबण, बाटली, वाटी, सगळं.

त्यांनी वाकून त्या फराट्यावरून पदर फिरवला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"हे त्यायले सांगाचं होतं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "बापाचा रंग इसरलो म्हनून रडत होते ते."