माझ्या नावाचं पाकीट

ह्यांना पासष्टावं लागायच्या कितीतरी आधीच आमचा मेलबॉक्स विम्याच्या जाहिरातींनी भरायला लागला. माझ्या नवऱ्याचा रोजचा उद्योग एकच, गॅरेजमध्ये उभं राहून ती पाकिटं श्रेडरमध्ये घालायची. माझ्या नावाची पाकिटंही हेच उघडतात, नाहीतर न उघडताच निकालात काढतात. अमेरिकेत, ह्या ट्रॉय गावात तीस वर्षं राहून मी एकाही फॉर्मवर सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही. "तुला त्यातलं काय कळतंय?" हे ठरलेलं वाक्य.

पासष्टाव्या वाढदिवसालाच ह्यांनी नोकरी सोडली. मेडिकेअरचं, म्हणजे पासष्टीला मिळणाऱ्या सरकारी आरोग्यविम्याचं, कार्ड येईल त्या पाहुण्याला दाखवून झालं. "आता आम्ही दोघंही निर्धास्त," असं सांगत सुटले. दोघंही कसले, कपाळ माझं. मी एकसष्टची. मेडिकेअर ज्याचं त्याला मिळतं, बायको त्यात येत नाही. इतकी वर्षं मी ह्यांच्या कंपनीच्या विम्यावर होते, तो नोकरीबरोबर गेला. साठ दिवसांत तुमचा वेगळा विमा घ्या, असं पत्र माझ्या नावाने आलं होतं. तेही जाहिरात समजून श्रेडरमध्ये गेलं.

हे मला कळलं सप्टेंबरात, हॉस्पिटलच्या काउंटरवर. दोन वर्षांपूर्वी माझ्या स्तनातली गाठ काढली, तेव्हापासून दर सहा महिन्यांनी स्कॅन असतो. काउंटरवरची मुलगी हळूच म्हणाली, तुमचा विमा बंद झालाय. मुदतही उलटून गेलेली. नवा विमा आता थेट जानेवारीपासून.

"पदरचे पैसे घालून करून टाकू," मी गाडीत म्हटलं.

"चार महिन्यांत काय आभाळ कोसळणारे? जानेवारीत करू," हे म्हणाले.

आणि मी ऐकलं. ह्यांच्यापेक्षा मला माझाच जास्त संताप येतो. चहात साखर जास्त पडली तरी घर डोक्यावर घेणारी मी, नेमकी तिथे मूग गिळून बसले.

जानेवारीत स्कॅन झाला. डॉक्टरबाईंनी स्क्रीनवरच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, सप्टेंबरात का नाही आलात?

ह्यांनी सवयीने तोंड उघडलं. "ॲक्चुअली, डॉक्टर..."

"अहो, थांबा," मी म्हटलं. "पत्र माझं होतं, छातीही माझीच आहे. उत्तर मी देते."