फुटाण्यांच्या वाळूतली नदी

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. मी तर नदीचं मूळ विचारायलाच विद्यापीठात नाव घातलं होतं, आणि नदीही अशी निवडली होती की जिला नाहीशी होऊन कोट्यवधी वर्षं झाली. माझ्या वडिलांना ही म्हण भारी आवडायची. कामठीहून शेअर ऑटोनं, पाठीवर दगडांची पिशवी घेऊन मी जरीपटक्याला घरी पोचले की ते पेपर खाली करून विचारायचे, "भेटलं काय मूळ?"

"नाही भेटलं, बाबा."

"मंग उद्या जाजो."

आणि पेपर पुन्हा वर.

कामठीच्या आसपास जमिनीखाली वाळूचा दगड आहे. डायनासोर यायच्याही आधी इथून एक मोठी नदी वाहत होती, तिची वाळू थरावर थर बसत दगड झाली. त्या वाळूत झिरकॉन नावाचे, मिठाच्या कणाहून बारीक स्फटिक सापडतात. नदी त्यांना फरफटत नेते, त्यांचे कोपरे झिजवते, पण त्यांचं जन्माचं वय पोटातून जात नाही. ते वय यंत्रावर मोजायचं, मग कुठल्या डोंगराचं वय त्याच्याशी जुळतं ते पाहायचं, म्हणजे वाळू कुठून निघाली ते कळतं. हे मी घरी चारदा समजावून सांगितलं. आईनं त्याचं सार काढलं आणि गल्लीभर सांगून टाकलं, "आमची पोरगी वाळूची जन्मतारीख काढून राहिली." लोक सहानुभूतीनं माझ्याकडे बघायचे.

यासाठी दगड ताजा लागतो, ऊनपावसानं खाल्लेला चालत नाही. कामठीच्या पुढे एका शेतात विहीर खणत होते, तिच्या तळाशी मला हवा तसा दगड मिळाला. पुढे विहीर बांधून झाली, खणलेला माल शेताच्या रस्त्यात दबला. म्हणजे मी आणला तेवढाच. विभागातल्या यंत्रात तो भरडायची माझी छाती झाली नाही. आधीच्या कुणाच्या दगडाचा एखादा कण त्यात राहिला असता तर माझ्या नदीला नको तो बाप चिकटला असता. म्हणून मी तो घरीच, आईच्या लोखंडी खलबत्त्यात कुटला. "मसाल्याले दगडाचा वास आला तं पाह्य," एवढी एकच अट तिनं घातली होती. कुटून, चाळून, परातीत धुऊन, गच्चीवर धुतलेल्या पंच्यावर वाळवून ती वाळू मी बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात भरली. वय मोजायचं यंत्र दुसऱ्या शहरात होतं. माझा नंबर दिवाळीनंतर लागला होता. तो हुकला असता तर पुढचा केव्हा लागेल हे कुणी सांगायला तयार नव्हतं, आणि प्रबंधाचं ते शेवटचं वर्ष होतं. जे काही होतं ते त्या डब्यात होतं.

डबा मी जिन्याखाली ठेवला. आमच्या घरात जिन्याखाली ठेवलेली वस्तू आईची होते, हे मला जन्मापासून ठाऊक असायला हवं होतं.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर येणारी माणसं आमच्याही भागात नातेवाइकांकडे उतरतात. कुठून कुठून येतात, रात्र-रात्र प्रवास करून. आई दर वर्षी त्यांच्यासाठी फुटाणे आणि शेंगदाणे भाजते, कागदाच्या पुड्या बांधते आणि परतीच्या वाटेवर हातात देते. माझ्या आजोबांनी छप्पन साली तिथे दीक्षा घेतली, तेव्हा त्यांनाही कुण्या अनोळखी बाईनं असंच काही खायला दिलं होतं म्हणे. भाजायला वाळू लागते. मोठ्या कढईत वाळू तापवायची, हळदमिठाच्या पाण्यात भिजवलेले चणे त्यात टाकायचे, तडतडले की चाळणीनं काढायचे. वाळू खाली, फुटाणे वर.

त्या दिवशी मी विद्यापीठातून परतले तेव्हा फाटकापर्यंत खमंग वास येत होता. मी खूश. अंगणात चूल, चुलीवर कढई, कढईजवळ आई, आणि आईजवळ बिस्किटांचा डबा. उघडा आणि रिकामा.

"आई, ही वाळू कुठली?"

"तुह्या डब्यातली. किती सोन्यासारखी धुतली वं तू! माही कमी पडत होती, मंग त्यात मिसळून टाकली."

मी तिथेच खाली बसले. मी ओरडले ते शेजाऱ्यांपर्यंत गेलं. "आई! कोट्यवधी वर्षांची वाळू होती ती!"

"मंग काय झालं? वाळू काय शिळी होते?"

आज हे वाक्य आठवलं की मी एकटीच हसते. त्या दिवशी मी रडले. मला रडताना पाहून आईला उमगलं की हे काहीतरी वेगळं आहे. तिनं चुलीतली लाकडं ओढली. पुड्या ज्यांच्या त्यांना गेल्या, पण ती दारात जाऊन कुणाशी दोन शब्द बोलली नाही. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तुह्यं शिकणं मीच कढईत घातलं." माझा राग तिथेच संपला. आई चौथीपर्यंत शिकली. तिच्या गावच्या शाळेत तिला आणि तिच्या वस्तीतल्या पोरींना दाराशी, वेगळं बसवत. ते तिनं मला एकदाच सांगितलं होतं, भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता. माझ्या पुस्तकांवरून ती कधी पाय जाऊ देत नसे. माझं बिघडलेलं काम मला तेवढं सलत नव्हतं, जेवढा तिचा तो चेहरा सलत होता.

दुसऱ्या दिवशी कढईतली सगळी वाळू एका मोठ्या डब्यात भरून मी माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांकडे गेले. सर आधी पोट धरून हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "भाजल्याची चिंता करू नको. पृथ्वीच्या पोटात हे कण यापेक्षा किती तरी जास्त तापलेत, तुझ्या आईच्या चुलीनं त्यांचं काही होत नाही. मिसळलं त्याचं बोल. आईची जुनी वाळू कशी होती?"

"कन्हान नदीची. काळी पडलेली. वर्षानुवर्षं त्यातच भाजते ती."

"किती काळी? सगळी?"

आमची घरची वाळू तर मिसळून बसली होती. पण शेजारच्या काकूंनी कितीतरी आधी आईकडूनच तिच्यातली डबाभर वाळू उसनी नेली होती आणि आमच्या नशिबानं परत केली नव्हती. ती मी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. कणन् कण काळा, हळदमीठ आणि धुरानं लेपलेला. कितीही शोधलं तरी एक स्वच्छ कण सापडेना. माझी वाळू एकच दिवस चुलीवर होती, तिचे कण अजून उजळ होते. सर म्हणाले, काळे ते कन्हानचे, उजळ ते तुझे, शंका आली तो कण सोडून दे, आणि हे सगळं प्रबंधात जसंच्या तसं लिही. म्हणून माझ्या प्रबंधात फुटाण्यांवर एक परिच्छेद आहे. परीक्षकांनी तो दोनदा वाचला.

जड कण वेगळे करून, सुईच्या टोकानं एक-एक झिरकॉन निवडायला सरांनी एक जुना सूक्ष्मदर्शक घरी न्यायला दिला. मी पलंगाजवळच्या टेबलावर तो मांडला. आई दोन दिवस लांबून बघत होती. तिसऱ्या दिवशी हात धुऊन, पदराला पुसून आली. "मी निवडू काय वं? तांदूळ तं निवडतोच आपण."

मला धडकी भरली. पण नाही म्हणवेना. काळा कोणता, उजळ कोणता, झिरकॉन कसा ओळखायचा ते मी तिला दाखवलं. ती वाकली ती वाकलीच. "बापरे, काय चमकते! हिरे आहेत का काय?" हात स्थिर, नजर पक्की. मी पाणी प्यायला उठले आणि परत आले तर तिनं बरेच कण वेगळे केले होते. मी पाहिलं. तिनं वेचलेले सगळे सुरेख होते. काचेसारखे, दोन्ही बाजूंनी टोकदार. जे गोल झिजलेले, धुरकट, तडकलेले होते, त्यांना तिनं काळ्यांच्या सोबत लोटलं होतं.

"आई, हे बाजूला का काढलेस?"

"किडके दिसतात. किडके काहून घ्यायचे?"

"किडके नाहीत ते. टोकदार आहेत ते इथलेच, जवळून आलेले. हे फार लांबून आलेत, किंवा त्यांचं फार सोसून झालंय, म्हणून असे दिसतात. आपण चांगला-वाईट निवडायचा नाही. उजळ आहे ना, मग घ्यायचा. एकालाही टाळलं तर नदी खोटी ठरते."

आईनं सुई खाली ठेवली. मग तिनं हळूच विचारलं, "म्हणजे कोणालेच बाजूले नाही बसवायचं?"

तिनं 'ठेवायचं' म्हटलं नाही. मला ते ऐकू आलं, आणि मी मान डोलावली. आईनं सुई उचलली. बाजूला लोटलेल्यांतले उजळ कण ती एकेक करून परत आणायला लागली. बाबा स्वतः चहा करून घेऊन आले, आणि आमच्या घरात हे क्वचित घडतं.

दिवाळीनंतर मी ते कण घेऊन यंत्राच्या गावी गेले. आकडे यायला लागले तसे मी कागदावर डोंगर जुळवत बसले. बरेचसे कण आपल्याच भागातल्या जुन्या खडकांचे निघाले. पण मूठभर कणांचं वय इथल्या कशाशीच जुळेना. ते जुळलं आग्नेयेला, पूर्व घाटाशी, आणि काही कणांचं तर त्याहून पलीकडे, अंटार्क्टिकाशी. तेव्हा ती भूमी आपल्याला चिकटलेली होती. आज आपल्या नद्या जिकडे जातात, तिकडून ही नदी इकडे येत होती.

मी घरी फोन लावला. बाबांनी उचलला. "भेटलं काय मूळ?"

"भेटलं!"

ते एवढ्या जोरात "अगं, भेटलं म्हणते!" ओरडले की फोन आईकडे गेला. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती.

"म्हणजे आपण फुटाणे अंटार्क्टिकाच्या वाळूत भाजले?"

"थोडेसे."

ती खूप हसली. मग हसता हसता थांबली. "ते लांबून आलेले... कोणते होते वं? टोकवाले?"

"नाही आई. एकही टोकदार नव्हता. तू परत आणलेले होते ते."

फोन बाजूला धरून तिनं ते बाबांना सांगितलं. मी म्हटलं, "आई, आहेस ना?"

"आहो ना," ती म्हणाली. "त्याहिले नीट घेऊन ये. सगळ्याहिले."