मांडीवरचा घट्टा
मुलीनं कोशाच्या नव्या रेशमी साडीवर इस्त्रीसाठी पाणी शिंपडलं आणि उकळत्या कोशांचा तो कुजका वास माझ्या नाकात शिरला. भंडाऱ्याला आमच्या घरी चुलीवर कोशांचं मडकं चढलेलंच असायचं. माय लुगडं वर खोचून उघड्या मांडीला राख लावायची आणि तिच्यावर कोशांचे धागे घासून सूत काढायची; मलाही तिनं लहानपणीच शेजारी बसवलं. आणीबाणी उठली त्या वर्षी मी नववीत होते. खो-खोसाठी हाफपँट घातली, तर मांडीवरचा काळा घट्टा पाहून पोरी फिदीफिदी हसल्या. घरी येऊन मी राखेची वाटी लाथाडली. "मी नाही बसत आता!" मायनं स्वतःची मांडी पुढं केली. तिचा घट्टा माझ्याहून मोठा होता. "लाज काहून वाटते? हा घट्टाच तुले खाऊ घालून राहिला." "मंग उपाशी ठेव मले!" तिनं झिंज्या धरून मला खाली बसवलं, सांडलेली राख मुठीत घेतली आणि घट्ट्यावर खसाखसा चोळली. त्यानंतर मी तिच्याशी कधी धड बोलले नाही. आता मुलगी कौतुकानं सांगत होती, "आई, हातानं काढलेलं सूत आहे म्हणे." "हातानं नाही," मी म्हटलं आणि साडी तिच्या अंगावर फेकली. त्या दिवसानंतर मी मायकडं जशी रागानं पाहायचे, अगदी तशीच मुलगी माझ्याकडं पाहत राहिली.