चक्क्याचं फडकं

नॉटिंगहॅमचे आमचे शेजारी कोळशाच्या खाणीतून रिटायर झालेले. वर्षातून दोन-तीनदा गॅरेजमध्ये घरची बिअर करायचे. बाटल्या धुण्याचं काम त्यांच्या बायकोचं. ती माझी या देशातली पहिली मैत्रीण. ऐंशीचं दशक संपता संपता ती गेली. म्हाताऱ्याची बोटं संधिवाताने वळत नव्हती, म्हणून बाटल्या मी धुवायला लागले.

आमच्या घरी दारूचा थेंब येत नाही. आमच्या ह्यांनी पंचशील घेतलं ते पाळण्यासाठी, भिंतीवर लावण्यासाठी नव्हे. लग्नात, पार्टीत कुणी कितीही गळ घातली तरी हे हात जोडून मोकळे. पण म्हाताऱ्या शेजाऱ्याला मदत करायला कुठलं शील आड येतं, असं मी म्हटलं आणि ह्यांनीही मान डोलावली.

मी हात लावल्यापासूनची पहिली खेप नासली. दुसरी तर बाटलीत दोन आठवड्यांत आंबटढाण. जूनमध्ये त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न होतं. पाहुण्यांना घरचीच बिअर द्यायची, हे मुलगी शाळेत जायची तेव्हापासून नवरा-बायकोने ठरवलेलं. आता फक्त एका खेपेपुरता वेळ उरला होता.

"हातगुण तिचा होता, डक," ते मला म्हणाले. इकडे कुणालाही मायेने डक म्हणतात. "ती गेली, तसा तोही गेला."

मला ते ऐकवेना. माझं निदान केव्हाच झालं होतं. बादलीतली बिअर बाटलीत उतरवताना म्हातारा नळी तोंडाने ओढायचा. मग नासणार नाही तर काय? घरी येऊन मी हे फणकाऱ्याने सांगितलं. आमचे हे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, जंतूंच्याच खात्यात. "सॅटरडेला येतो," एवढंच म्हणाले.

शनिवारी हे गॅरेजमध्ये हात मागे बांधून उभे राहिले. कशाला शिवले नाहीत. "रोज करता तसंच करा." म्हाताऱ्याने नळी तोंडाला लावली, तेव्हा मी ह्यांच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. ह्यांनी नम्रपणे सांगितलं, नळीत आधी उकळून गार केलेलं पाणी भरा, ते सोडलं की बिअर आपोआप मागे येते. म्हाताऱ्याला ते पटलं.

मग मी जंतू मारायच्या पावडरच्या पाण्यातून बाटली काढली, विसळली, आणि तिचं तोंड नेहमीप्रमाणे आतून-बाहेरून पुसलं.

"हे कसलं कापड?" हे मराठीत म्हणाले.

"चक्क्याचं फडकं. का?"

श्रीखंडाचा चक्का मी त्यातच टांगते. पांढरंशुभ्र मलमल, गरम पाण्यात धुऊन वाळवलेलं. घरात त्याहून स्वच्छ कापड नाही. माझ्या मैत्रिणीच्या बाटल्यांना मी घरातलं सगळ्यात चांगलं कापड काढलं होतं.

"स्वच्छ आहे गं," हे हळूच म्हणाले. "पण स्टराइल नाही. विणीत विरजण राहतं. तू प्रत्येक बाटलीला विरजण लावतेस."

मी तापले. दहा मिनिटं तरी भांडले असेन. ह्यांनी आवाज चढवला नाही, आणि म्हाताऱ्याला काही सांगितलंही नाही. ते माझ्यावर सोपवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, तरी हा माणूस मला त्या दिवशी नव्याने आवडला.

शेवटी मीच सांगितलं. फडकं दाखवलं, दह्याचं सांगितलं, तुमच्या दोन्ही खेपा मी घालवल्या म्हणाले. लाजेने मान वर होत नव्हती. म्हातारा स्टुलावर बसला. रागावेल असं वाटलं.

"म्हणजे तिच्या जाण्याचा संबंध नाही," ते म्हणाले. "बिअर करायला मी विसरलेलो नाही." मग खूप वेळ डोळे चोळत राहिले.

त्या दिवशी चाळीसच्या चाळीस बाटल्या आम्ही पुन्हा केल्या. पावडर, उकळलेलं पाणी, मग उलट्या टांगून निथळायच्या, पुसायचं नाही. झाकणंसुद्धा उकळली. आयुष्यात कधी न चाखलेल्या पदार्थासाठी आमचे हे तासन् तास उभे होते, पेशंटचं सॅम्पल असावं तसे.

लग्नाच्या हॉलमध्ये म्हाताऱ्याने पहिली बाटली उघडली. बिअर नितळ होती. घोट घेऊन त्यांनी मुलीकडे पाहिलं आणि नुसती मान डोलावली. मग टेबलाखालून वेगळा खोका काढला. त्यात चार बाटल्या लेमोनेड.

"बाटल्या नव्या आहेत," ते ह्यांना म्हणाले. "यात बिअर कधी गेलेली नाही. नळीही नवी. पुसल्या नाहीत, टांगल्या."

ह्यांनी ग्लास उजेडात धरून पाहिला आणि एका दमात संपवला. मग हात न जोडता तो पुन्हा पुढे केला. कुणाच्या लग्नात ह्यांनी ग्लास पुढे केलेला मी पाहिला, तो तेवढाच.